चौकटीबाहेरचा हात

साप उंदीर खातानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. नसतील तर एखादा पूर्ण बघा, पुढचे दहा तुमचा फोन स्वतःहून आणून देईल. गेल्या दोन महिन्यांत मी असे बरेच पाहिले. आवड म्हणून नाही, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं म्हणून. तो प्रश्न पुढे येईलच. आधी या व्हिडिओंकडे आपण सिनेमाकडे किंवा कथेकडे बघतो तसं बघू. त्यांची एक ठरलेली रचना आहे आणि माझी तक्रार त्या रचनेबद्दलच आहे.

काचेची पेटी. तळाशी नारळाचा भुसा, कोपऱ्यात पाण्याचं भांडं, लपायला प्लास्टिकची गुहा. आत वेटोळं करून बसलेला बॉल पायथन. मग वरून एक पांढरा उंदीर येतो. तो भुसा हुंगतो, काचेच्या कडेनं फिरतो, मागच्या पायांवर उभा राहून वर बघतो. साप मान किंचित मागे घेतो. संगीत वाढतं. झेप दोनदा दाखवतात, एकदा खऱ्या वेगानं आणि एकदा स्लो मोशनमध्ये. वर लिहिलेलं असतं : ‘निसर्गाचा नियम’. खाली आगीच्या इमोजींची रांग.

‘उंदीर येतो’ असं मी लिहिलं, कारण व्हिडिओत तसंच दिसतं. तो कुठून येतो ते दिसत नाही. त्याला दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणणारा, शेपटीला धरून उचलणारा, झाकण सरकवून आत सोडणारा हात चौकटीच्या बाहेर असतो. कधी चुकून दोन बोटं दिसली तर अर्ध्या सेकंदात कापली जातात. या प्रकारातलं सगळं संपादन त्या एका हाताला लपवण्यासाठी आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि हे काम फक्त व्हिडिओच करत नाही. आपल्या म्हणी, आपले सण आणि आपला कायदासुद्धा थोड्याफार फरकानं तेच करतो.

निसर्ग कुठे आहे?

‘निसर्गाचा नियम’ हे शीर्षक आधी तपासू. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. गवताळ माळांवर, उंदरांच्या नाहीतर वाळवीच्या जुन्या बिळांत राहणारा. पांढरा उंदीर हा माणसानं पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढवलेला प्राणी. त्या रंगाचा उंदीर आपल्या काळ्या रानात सोडला तर पहिल्याच रात्री घुबडाला सापडेल. आणि काचेची पेटी सोलापुरात, जिथं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज गेली की सापाच्या मालकाची धावपळ होते. या तीन गोष्टी निसर्गात कधीही एकत्र येणार नाहीत. त्या कुणीतरी पैसे देऊन एकत्र आणल्या आहेत.

जिवावर जीव जगतो, हे खरं आहे. पण ते जगाचं वर्णन आहे, परवाना नाही. धामण शेतात उंदीर धरते तेव्हा त्या वाक्याला अर्थ आहे. उंदराला पळायला बांध आहे, बीळ आहे, रात्र आहे. धामण बहुतेक वेळा उपाशीच परतते. पेटीत उंदराला यातलं काही नाही. तिथं निकाल आधीच लागलेला असतो, आणि तो लावणारा साप नसतो.

सापाला दोष देण्यात अर्थ नाही. उलट सापाचं काम बरंच झटपट असतं. अजगर किंवा बोआ भक्ष्याला गुदमरवून मारतात असं आपण शिकलो. २०१५ साली अमेरिकेत बेशुद्ध केलेल्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं, की बोआच्या विळख्यात काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोसळतं. श्वास कोंडून मरायला लागेल त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे त्रास विळख्यात कमी आहे, आधीच्या वाट पाहण्यात जास्त. साप भुकेला नसेल, कात टाकायला आलेला असेल, तर तो उंदराकडे बघतही नाही. मग उंदीर तासन्‌तास त्या पेटीत राहतो. कधी घाबरलेला उंदीरच सापाला चावतो आणि सापाला खोल जखमा होतात. असे व्हिडिओ मात्र फारसे कुणी टाकत नाही.

हिशेब

आता तो प्रश्न. माझा मामेभाऊ जुळे सोलापुरात राहतो. अकरावीला आहे, हुशार आहे, आणि सापांबद्दल त्याला माझ्यापेक्षा दसपट माहिती आहे. दहावीच्या निकालानंतर ‘काय पाहिजे ते माग’ असं मीच त्याला म्हणालो होतो. ‘दादा, बॉल पायथन घेऊन दे,’ असं तो म्हणाला. सोबत पाच व्हिडिओ पाठवले. मामा-मामींची हरकत सापाला होती. माझी हरकत कशाला होती, हे मलाच पटकन सांगता येईना. म्हणून मी सवयीनं आकडेमोड केली.

पाळलेला बॉल पायथन पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. मोठा झाल्यावर त्याला साधारण दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर लागतो. पंचवीस वर्षं धरली तर साडेसहाशे ते नऊशे उंदीर. लहानपणी तो जास्त वेळा खातो, ते वेगळंच. भेट एका प्राण्याची दिसते, पण पावती नऊशेंची आहे. ती पावती दुकानात कुणी देत नाही.

हा आकडा मी त्याला पाठवला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं : ‘दादा, तू सावजी मटण खातोस ना?’

उत्तर वाजवी होतं, म्हणून ते झटकून टाकणार नाही. मी मटण खातो. आमच्या घरी शेंगांच्या पोत्यांमागे पिंजरा असतो. गावाकडच्या शेतात ज्वारीच्या भरड्यात तेल आणि झिंक फॉस्फाइड कालवून बिळांपाशी ठेवतात. पोटात गेल्यावर त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो आणि उंदीर त्यानं मरतो. ते मरण अजगराच्या विळख्यापेक्षा नक्कीच वाईट आहे. गोंदपट्टीचं तर त्याहून वाईट. मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यात उंदराची बाजू घेणं हे शहरी चोचले वाटतील, हेही मला कळतं.

तरी फरक आहे. शेतातला उंदीर पीक खातो, शेतकरी ते वाचवतो. तिथं दोघांचं भांडण आहे. पेटीतल्या उंदराचं कुणाशीच भांडण नव्हतं. त्याला मरण्यासाठीच जन्माला घातलं. कोंबडीलाही तसंच घालतात, असं तो म्हणेल, आणि ते बरोबर आहे. त्या प्रश्नाचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण एका चुकीकडे बोट दाखवून दुसरी नवी चूक विकत घेता येत नाही. आणि मटणाच्या बाबतीत निदान एवढं आहे, की बोकड कापण्याला कुणी ‘निसर्गाचा नियम’ म्हणत नाही. खाटीक कापतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

राहिला ‘उंदीरच तर आहे’ हा मुद्दा. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. एका उंदराला नळीत कोंडलं, दुसऱ्याला बाहेर मोकळं ठेवलं. मोकळ्या उंदरानं काही दिवसांत नळीचं दार उघडायला शिकून सोबत्याला सोडवलं. शेजारी चॉकलेटची दुसरी नळी ठेवली तरी त्यानं दोन्ही उघडल्या, आणि बरेचदा चॉकलेट वाटून खाल्लं. या प्रयोगाचा अर्थ काय लावायचा यावर वाद घालता येईल. पण कोंडलेला सोबती त्याला सहन होत नव्हता, एवढं त्यातून दिसतंच.

दूध-लाह्यांचा साप

आपल्याकडे सापाबद्दल बोलताना उंदीर गायब होतो, हे नवीन नाही. नागपंचमीला आपण नागाला दूध आणि लाह्या दाखवतो. साप दूध पीत नाही, हे सर्पमित्र दरवर्षी कंठशोष करून सांगतात. दरवर्षी आपण ते ऐकतो आणि वाटी ठेवतो. पुजण्यासाठी आपल्याला साप शाकाहारी लागतो. शंकराच्या घरी तर गळ्यात नाग, एका मुलाचं वाहन उंदीर, दुसऱ्याचं मोर. एकमेकांचे घास असलेले सगळे एका चित्रात शांत बसलेले. चित्र सुंदर आहे, पण त्यात जेवणाची वेळ कधीच येत नाही.

पण त्याच परंपरेत नागपंचमीची कहाणीही आहे. शेतकऱ्याचा नांगर वारुळात जातो, नागिणीची पिल्लं मरतात, ती सूड घ्यायला निघते, आणि शेवटी सासरी असलेल्या लेकीच्या पूजेनं शांत होते. लहानपणी मला ती भीतीची गोष्ट वाटायची. आता ती वाचताना दिसतं की शेतकऱ्यानं जाणूनबुजून काहीच केलेलं नसतं. तरीही कहाणी त्याला सोडत नाही. नांगर कुणाच्या हातात होता, हे ती विचारते. म्हणून त्या दिवशी जमीन नांगरू नये, चिरू-कापू नये. नकळत झालेल्या मरणाचाही हिशेब मांडणारी ही कहाणी, जाणूनबुजून झाकण सरकवणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढची आहे.

‘केवळ’ हा शब्द

कायदा काय म्हणतो? मी वकील नाही, पण कायदाही एक मजकूर आहे आणि तो वाचता येतो.

नाग, धामण, घोणस असे आपले साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून हौशी लोक परदेशी सापांकडे वळले. त्यांच्यासाठी २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नोंदणीचे नियम आले. बॉल पायथन पाळणाऱ्यानं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. नोंद सापाची होते. उंदराची नोंद कुठेच नाही. उलट १९७२च्या मूळ कायद्यात उंदीर पाचव्या अनुसूचीत होते, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत. २०२२च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. त्यामुळे कागदावर तरी उंदीर आता जन्मजात उपद्रवी राहिलेला नाही.

दुसरा कायदा जुना आहे, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा, १९६०चा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. उंदीरही आला. या कायद्याच्या कलम ११मध्ये एक पोटकलम आहे, जे वाचून मी दचकलो. एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून केवळ करमणुकीसाठी कोंडणं, हा गुन्हा आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष म्हणून जनावर बांधण्याचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. पाहुण्यांना वाघ दिसावा म्हणून रेडकू बांधायची पद्धत होती, ती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलेलं असावं. काचेची पेटी आणि वर लावलेला फोन, हे त्याच खुंटीचं आजचं रूप आहे.

पण सगळी मेख ‘केवळ’ या शब्दात आहे. मालक म्हणेल, करमणूक कुठे, मी सापाला जेवण देतोय. या शब्दातून तो सहज निसटेल. म्हणून वाचक म्हणून मी दोन साधे प्रश्न विचारीन. जेवणासाठी उंदीर जिवंत असण्याची गरज होती का? आणि जेवणच द्यायचं होतं तर कॅमेरा कशाला? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे. पाळीव बॉल पायथनला मेलेला, गोठवून नंतर कोमट केलेला उंदीर खायची सवय लावता येते. ब्रिटनमधले बहुतेक पाळणारे तेच करतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यानं त्यानं स्वतःला द्यावं. तसं पहिल्या गुन्ह्याला या कलमाखाली दंड दहा ते पन्नास रुपये.

मग लोक गोठवलेले उंदीर का वापरत नाहीत? माझ्या ओळखीच्या पाळणाऱ्यांचं कारण एकच आहे : फ्रिज. कोथिंबीर, दही आणि देवाच्या प्रसादाशेजारी गोठवलेल्या उंदरांची पिशवी ठेवायला आई परवानगी देणार नाही. जिवंत उंदीर खोक्यात येतो, संध्याकाळपर्यंत संपतो, घरात मरण राहत नाही. म्हणजे आपण उंदराला जिवंत आत टाकतो ते बरेचदा सापाच्या गरजेसाठी नाही, स्वयंपाकघराच्या सोवळ्यासाठी. मारण्याचं काम दुसऱ्यावर ढकलायचं आणि आपले हात स्वच्छ म्हणायचं, ही सवय आपल्या समाजाला नवी नाही. इथं फक्त ते काम सापावर ढकललं आहे.

हात दाखवणारा सिनेमा

याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ मला इथं आठवतो. २०१४मध्ये तो थिएटरात आला. त्यात जब्याच्या कुटुंबाला गावातली डुकरं धरायला लावतात. गाव कडेला उभं राहून बघतं, हसतं, ओरडतं. डुकराची शिकार हा गावाचा खेळ आहे, पण डुकराला हात लावायचं काम एकाच घराचं. मंजुळे कॅमेरा डुकरावर रोखून आपल्याला थरार देत नाहीत. ते धरणारे हात दाखवतात, बघणाऱ्यांचे चेहरे दाखवतात, आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेनं येतो. बघणाराही या खेळात सामील आहे, हे त्या दगडानं सांगितलं.

व्हिडिओत नेमकं हेच नसतं. तिथं धरणारा नाही, बघणारा नाही, फक्त भक्ष्य आणि भक्षक. म्हणून तो पाहून आपल्याला काहीच वाटत नाही.

मारणं कुठे समर्थनीय आहे?

सापांसाठी उंदीर मारणं कधीच योग्य नाही, असं मी म्हणत नाही. परळची हाफकिन संस्था १८९९मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली. उंदरांच्या पिसवांतून पसरणाऱ्या रोगाशी लढणारी ही संस्था पुढे सर्पदंशावरच्या लसीसाठी ओळखली गेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष काढायचं तर साप जिवंत ठेवावे लागतात, आणि त्यांना खायला द्यावं लागतं. शिवाय तयार झालेली लस किती ताकदीची आहे, हे पाहायलाही पारंपरिक चाचणीत पांढरे उंदीरच वापरतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात उसाला रात्रीचं पाणी द्यायला गेलेला आपल्याकडचा शेतकरीही येतो. त्याच्यासाठी उंदीर मारावा लागत असेल, तर मी ते मान्य करीन.

पण तिथं कुणी ‘निसर्गाचा नियम’ म्हणत नाही. प्रयोगासाठी प्राणी वापरायचा तर समितीपुढे कारण द्यावं लागतं, संख्या द्यावी लागते, कसा मारणार ते सांगावं लागतं. जखमी साप सांभाळणाऱ्या केंद्रालाही मी याच रांगेत धरीन. तिथं साप आधीच आलेला असतो, तो कुणी हौसेनं मागवलेला नसतो.

ज्यांच्या घरी साप आधीच आहे त्यांना मी ‘सोडून द्या’ म्हणणार नाही. परदेशी साप माळावर सोडणं हा वेगळाच गुन्हा ठरेल, आणि उपाशी ठेवणं ही क्रूरताच. त्यांनी मेलेला उंदीर द्यावा, आणि तो कसा मेला याची चौकशी करावी. ‘गॅसनं मारला’ एवढं उत्तर पुरेसं नाही. कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढवत न्यावा लागतो, एकदम भरला तर प्राणी तडफडतो. नुकत्याच जन्मलेल्या, केस न आलेल्या पिल्लांना प्राणवायूविना तग धरण्याची शक्ती जास्त असते, त्यामुळे ती मोठ्यांइतक्या वेळात मरत नाहीत. त्यांना जिवंतपणी फ्रीजरमध्ये टाकणं तर मुळीच योग्य नाही. हे वाचायला नको वाटत असेल, तर लिहायलाही नको वाटत होतं. पण साप पाळणं म्हणजे हेच. पेटी, दिवा आणि फोटो हा त्यातला छोटा भाग.

मामेभावाला मी नाही म्हणालो. पैसे देणार नाही, एवढंच नाही. का देणार नाही, तेही वर लिहिलं तसं सांगितलं. त्याला पटलेलं नाही. ‘मग मांजर पाळणाऱ्यांना का नाही बोलत?’ हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तोही चांगला आहे. मांजरालाही मांस लागतं. पण रस्त्यावरचं मांजर घरात घेणं म्हणजे असलेल्या भुकेची जबाबदारी घेणं. ब्रीडरकडून साप आणणं म्हणजे नवी भूक तयार करून तिला पंचवीस वर्षं पुरवठा करणं. सध्या तो एका अनुभवी सर्पमित्रासोबत जातो, काठी आणि पिशवी धरतो, घरातून काढलेली धामण पुन्हा रानात सोडताना बघतो. ती धामण त्या रात्री उंदीर खाईलच. त्यावर आम्हा दोघांचाही आक्षेप नाही.

व्हिडिओ टाकणाऱ्यांसाठी माझी सूचना सोपी आहे. साप दाखवायचाच असेल तर कॅमेरा थोडा आधी सुरू करा. दुकानातलं खोकं दाखवा, शेपटी धरलेला हात दाखवा, झाकण सरकवणाऱ्याचा चेहरा दाखवा. हे सगळं दाखवून झाल्यावरही ‘निसर्गाचा नियम’ हे शीर्षक द्यावंसं वाटतंय का, ते बघा आणि मग अपलोड करा.